वाळवंटातलं माहेर

फोन आला तेव्हा मी चोरून पुऱ्या तळत होते. चोरून अशासाठी, की प्रवासाला निघताना मी घरून काहीही करून आणायचं नाही असा शैलाचा सक्त हुकूम होता, आणि दर वर्षी मी तो मोडत आले होते. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणीची कोरडी चटणी, सगळं कपड्यांच्या घड्यांत दडवून न्यायचं. दोन-तीन दिवस तिथली रोटी आणि चण्याचं वाटण खाऊन कंटाळा आला की मी डबा बाहेर काढायचे, ती डोळे वटारायची, आणि मग निम्म्याहून जास्त पुऱ्या तीच फस्त करायची. फेब्रुवारीचा महिना, बाहेर साउथहॅम्प्टनचा नेहमीचा आडवा पाऊस, आणि जॉर्डनच्या विमानाला आठवडाही उरला नव्हता. फोनवर शैलाच्या खालच्या फ्लॅटमधल्या जीनबाई होत्या. एरवी या बाई हवापाण्याबद्दल बोलल्याशिवाय मुद्द्यावर येत नाहीत. त्या दिवशी हवेचं नावही काढलं नाही. ‘तू इकडे ये, आत्ताच ये,’ एवढंच म्हणाल्या... आणि मला कळलं. गॅस बंद केल्याचं आठवत नाही, पण केला असणार, कारण परत आले तेव्हा घर जागेवर होतं आणि कढईतलं तेल गार झालं होतं.

शैला खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली होती. पायांत नवे बूट. नवे बूट पहिल्यांदा वाळूत घातले तर पाय सोलून निघतात, म्हणून ती आधी काही दिवस ते घालून घरातल्या घरात हिंडायची, आणि खाली जीनबाईंना त्याची ठकठक ऐकू यायची. सकाळपासून ठकठक आली नाही, म्हणून त्या वर बघायला गेल्या. हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल, असं डॉक्टर म्हणाले. इथल्या हॉस्पिटलात उभी हयात ऑपरेशनआधी लोकांना झोपवण्यात घालवलेली ही बाई, स्वतः झोपताना तिने कुणाला जागंसुद्धा केलं नाही. मला राग आला तिचा. खरंच सांगते, रडू नंतर आलं, आधी राग आला.

शैला ही माझी नणंद, माझ्या नवऱ्याची, दिलीपची, धाकटी बहीण. मृत्यूची नोंद करायला गेले तेव्हा टेबलामागच्या मुलीने विचारलं, तुमचं नातं काय? ‘सिस्टर-इन-लॉ,’ मी सांगितलं. तिने ते टाइप केलं आणि पुढच्या प्रश्नावर गेली. मी मात्र तिथेच अडकून बसले. ज्याच्यामुळे हे नातं, तो दिलीप जाऊनही बरीच वर्षं झाली. तरी आम्ही दोघी एकमेकींच्या होतोच की. पण कोण होतो, ते त्या मुलीला एका शब्दात सांगा म्हटलं तर मराठीतलाच शब्द सांगावा लागला असता, आणि तो ऐकून ती म्हणाली असती, स्पेलिंग सांगा. शैला माझं माहेर होती. ती गेल्यावर मला माहेर उरलेलं नाही. आमची मुक्ता, माझी एकुलती एक लेक, बर्मिंगहॅमला असते. आत्या गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून ती मागे लागली होती, की आई, घर विकून टाक आणि आमच्याकडे राहायला ये, उन्हाळ्याच्या आत ये. तिला काय उत्तर द्यायचं, हे मला कितीतरी आठवडे कळत नव्हतं. हे सगळं लिहायला बसले ते त्यापायीच.

माझं लग्न झालं तेव्हा शैला पुण्यात मेडिकलला होती. किडकिडीत अंग, जाड भिंगाचा चष्मा, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपली तपासणी चालली आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी मिरजेला माहेरी निघाले. बॅग दोन दिवस आधीच भरून दाराशी उभी. शैला बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, ‘वहिनी, तिथे जाऊन तू नेमकं करतेस काय गं?’

‘काही नाही.’

‘काहीच नाही?’

‘तेच तर!’

तिने मान हलवली, जशी अवघड रोगाच्या नावाला हलवतात, आणि पुस्तकात डोकं घातलं. मला वाटलं, हिला काय कळणार. लग्न न झालेल्या मुलीला माहेर म्हणजे नुसतं घर. पुढे तिने लग्न केलंच नाही. नातेवाइकांनी तोंडं वाजवून घेतली, तिने कान दिला नाही. दिलीपला साउथहॅम्प्टनच्या बंदरात इंजिनियरची नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. काही वर्षांनी तीही इथल्याच हॉस्पिटलात आली. दर रविवारी दुपारी जेवायला आमच्याकडे. जेवण झालं की सोफ्यावर आडवी व्हायची ती थेट संध्याकाळच्या चहापर्यंत. मी दिलीपला आणि मुक्ताला टीव्हीचा आवाज बारीक करायला लावायचे. भावाचं घर होतं, तिला तेवढा हक्क होता.

मग मिरजेचं घर गेलं. घर म्हणजे काय, स्टेशनजवळच्या वसाहतीतल्या तीन खोल्या, पुढे पेरूचं झाड. आई-वडील गेले, भाऊ बंगळूरला स्थायिक झाला, त्याने फोन करून सांगितलं की व्यवहार ठरला. त्याचं काही चुकलं नाही. पण फोन ठेवला आणि मी ओट्याशी उभी राहून जी रडायला लागले... दिलीप बिचारा गोंधळून गेला. ‘अगं, एवढं काय? आपलं स्वतःचं घर आहे ना इथे!’ म्हणाला. पुरुषाला वाटतं घराला पर्याय घर. रविवार होता, शैला सोफ्यावर झोपली होती असं आम्हाला वाटत होतं. ती उठून आत आली, मला एक ग्लास पाणी दिलं आणि निघून गेली. पुढच्या रविवारी आली ती विमानाची तिकिटं घेऊन. म्हणाली, ‘आठ दिवस. तू काहीही करायचं नाहीस. माहेरपणाला चाललीयस.’

‘अगं पण कुठे?’

‘जॉर्डनला. वाळवंटात.’

‘वन्सं, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?’ मी विचारलं. चेष्टा करायची असली किंवा राग आला की मी तिला असं जुन्या पद्धतीने वन्सं म्हणायचे. तिला ते मुळीच आवडत नसे.

शैलाला वाळवंटाचं वेड आधीपासून होतं. सुट्टी लागली की एकटी पाठीवर सॅक टाकून निघायची. ऑपरेशन थिएटरमधला यंत्रांचा पिकपिक आवाज डोक्यातून जायला वाळूच लागते, असं तिचं म्हणणं. तोवर तिने कुणालाही बरोबर नेलं नव्हतं. आम्ही गेलो ते लाल वाळूचं आणि उंच उंच कातळांचं वाळवंट. पहिल्या सकाळी मी सवयीने उठले आणि तंबूतून डोकं बाहेर काढलं, तर बाईसाहेब छोट्या स्टोव्हवर चहा करतायत. आलं घरून आणलेलं! माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, ‘आत जा. चहा येईल.’ मी आत गेले. चहा आला. तो पिताना जे वाटलं ते मिरज सुटल्यापासून वाटलं नव्हतं. दुपारी कातळाच्या सावलीत तिने माझ्या डोक्याला तेल चोळलं. तिचे हात डॉक्टरचे, सगळी कवटी तपासत असल्यासारखे फिरायचे, आणि तेलाला उन्हाच्या क्रीमचा वास. तरी मला झोप लागली. जागी झाले तर ही बाजूला बसून दुर्बिणीतून कातळावरची चिमणीएवढी गुलाबी पाखरं बघत होती. ‘काय केलंस आज?’ तिने विचारलं. ‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘तेच तर,’ ती म्हणाली. तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं हिने माझं ते बोलणं मनात ठेवलं होतं.

तेव्हापासून दर फेब्रुवारीत आम्ही जात राहिलो. कधी जॉर्डन, कधी मोरोक्को, एकदा स्पेनमधलं एक कोरडं खडखडीत रान. तिच्या चालण्याचे नियम कडक. दोघींमध्ये अंतर एवढं ठेवायचं, की हाक ऐकू यावी पण गप्पा मारता येऊ नयेत. मला हे जड जायचं. गप्प राहायला मी काय तुझी पेशंट आहे का, असं मी ओरडून विचारायचे, आणि ती मागे वळूनही बघायची नाही. पण सकाळी वाळूवर रात्रीचे ठसे दाखवताना ती वेगळीच व्हायची. हा कोल्हा, इथे थांबला, इथून वळला. ही पाल. आणि हा भुंगेरा... शिवणाच्या मशीनने लांबच लांब टीप मारत न्यावी तसा त्याचा माग. ती गुडघ्यांवर बसून त्या टिपेच्या मागे मागे जायची. सापडला की ओरडायची, ‘वहिनी, लवकर ये, पळतोय!’ बाहेर एवढी करडी बाई, पण भुंगेऱ्यासमोर नुसतं लहान पोर.

बाकीच्या वर्षासाठी तिने इंग्लंडमध्येही एक वाळवंट शोधून काढलं होतं, केंटच्या किनाऱ्यावरचं डंजनेस. लोक त्याला वाळवंट म्हणतात. मी म्हणत नाही. मैलोगणती गोटे पसरलेले, एक दीपगृह, एक बंद पडलेलं अणुवीज केंद्र, लाकडी घरं विखुरलेली, आणि वर पाऊस! जगात वाळवंटात छत्री घेऊन जाणाऱ्या आम्ही दोघीच असू. पण मेच्या अखेरीस त्या कोरड्या गोट्यांतून समुद्रकोबीची पांढरी फुलं घोसाघोसांनी वर येतात, आणि ससे, आपल्याकडच्या पाळीव सशांच्या दुप्पट, लांब कानांचे, फुलांतून सुसाट पळतात, ते पाहिल्यावर मलाही तोंड मिटावं लागलं. घरी परतल्यावर जून-जुलैत आमची वाळवणं. साउथहॅम्प्टनच्या उन्हात पापड वाळवायचे म्हणजे आधी हवामानखात्याची मिनतवारी, आणि त्यातून ऊन पडलंच तर समुद्रपक्षी टपलेले. शैला अंगणात खुर्ची टाकून दुर्बीण घेऊन राखणीला बसायची. राखण कसली, त्या पक्ष्याच्या पायाला कुठल्या रंगाची कडी आहे ते बघण्यात ती गुंग, आणि तो पापड घेऊन पसार! शरदात ब्लॅकबेरीचा मुरंबा आणि तिने कुंपणात पाडून ठेवलेल्या भोकातून येणारा साळूसारखा काटेरी हेजहॉग. त्याला वाटीत खाऊ ठेवायचा, आणि दिवाळीच्या दिवसांत सगळीकडे फटाके उडायला लागले, की हा घाबरेल म्हणून ती शेजाऱ्यांना रागे भरायला जायची. थंडीत जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरायचे. माझी पोळी लाटायची जागासुद्धा मला मिळत नसे. घर असं बारा महिने तिच्या येण्याजाण्यावर चालायचं.

मग दिलीप गेला. आजार छोटा, जाणं मोठं. त्या वर्षी भाऊबीजेला शैला आली, निरांजन लावलं आणि हातात घेऊन घरभर बघत उभी राहिली. कुणाला ओवाळायचं तेच नव्हतं. मग माझ्यासमोर येऊन तिने मला ओवाळलं. फेब्रुवारी आला तेव्हा मी म्हटलं, मी नाही येत. ती म्हणाली, ‘सासरचं माणूस गेलं म्हणून माहेरपण बंद होतं का?’ दिलीप तिचा सख्खा भाऊ. आणि ही बाई त्याला माझ्या सासरचं माणूस म्हणत होती! मी गेले.

त्या वेळच्या शेवटच्या सकाळी, गाडी न्यायला यायच्या आधी, तिने मला एका कातळाशी बसवलं आणि म्हणाली, ‘पदर पसर.’ पदर कुठला, अंगात फ्लीसचं जाकीट. ‘मग जाकीट पसर.’ तिने औषधांच्या पिशवीतून हळदीकुंकवाच्या डब्या काढल्या. तळावरच्या आचाऱ्याकडून मूठभर तांदूळ मागून घेतले होते. नारळ कुठला मिळायला तिथे, म्हणून संत्रं. वर चार खजूर. माहेरून निघालेल्या मुलीची ओटी भरतात, ती ती भरत होती. मी हात मागे घेतला. ‘अगं शैला, काय हे? माझी आता ओटी भरत नाहीत.’

‘कोण भरत नाहीत?’

‘कोणीच नाही. तुला माहीत आहे.’

‘मला एवढंच माहीत आहे, की माहेरी तू मुलगी असतेस. नवरा आहे की नाही ते माहेरी कोण विचारतं? जाकीट नीट धर, तांदूळ सांडतायत.’

आणि तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मनात आलं, शास्त्राने पाहिलं तर आम्ही दोघीही बाद! लग्न न झालेली बाई विधवेची ओटी भरते आहे. आमची मिरजेची काकू असती तर उभ्या जागी चक्कर येऊन पडली असती. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले, आणि आमचा वाटाड्या सालेम, भला माणूस, आमची काहीतरी पूजा चालली आहे असं समजून पाठ करून उभा राहिला. ते संत्रं मी विमानात खाल्लं नाही, घरी आणलं. पुढे दर वर्षी निघायच्या सकाळी ओटी व्हायचीच. आणि दर वर्षी मला वाटायचं, की जगात अजून एक जागा आहे जिथे मी कुणाची आई नाही, विधवा नाही, कुणाला लागणारी बाई नाही. नुसती घरची मुलगी आहे. सत्तरी गाठल्यावर हे वाटणं म्हणजे काय चैन असते, ते ज्याचं त्यालाच कळेल.

एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुट्टीत, मुक्ता एकटीच आली. मुलांना नवऱ्यावर सोपवून. घराची किंमत करायला माणूस कधी बोलवायचा, कुठलं सामान बर्मिंगहॅमला न्यायचं, सगळं डोक्यात ठरवून. मुक्ता बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, ठरवणं हेच तिचं काम. ‘आई, तू एकटी काय करणार इतका मोठा घरात?’ ती म्हणाली. तिचं मराठी असंच आहे, इथे जन्मलेल्या मुलांचं असतं तसं, पण ती माझ्याशी दुसऱ्या भाषेत बोलत नाही. ‘आमच्याकडे तुला सेपरेट खोली आहे, बाथरूम आहे. मुलं आहेत. तुला लोनली नाही वाटणार.’

मी म्हटलं, ‘आधी मला डंजनेसला घेऊन चल. मग सांगते.’

‘त्या दगडांकडे?’ ती म्हणाली, पण गेलो. वाटेत गाडीतल्या स्पीकरवर तिचे ऑफिसचे फोन, मुलांचे फोन, फुटबॉलचे बूट कुठे आहेत म्हणून नवऱ्याचा फोन. पोचलो तेव्हा वारा होता, पण ऊन चांगलं पडलं होतं. समुद्रकोबीचे जांभळे कोंब नुकते वर येत होते. मी सवयीने अंतर ठेवून चालायला लागले आणि थोड्या वेळाने लक्षात आलं, की पुढे कोणी नाही. इतकी वर्षं मी त्या शांततेवर कुरकुरत होते, पण तिच्यात एक पाठ असायची, करड्या जाकिटातली. आता नुसती शांतता होती. आफ्रिकेहून नुकता परतलेला एक छोटा पक्षी गोट्यांवर टुणटुणत होता, पांढऱ्या बुडाचा. त्याचं नाव मला येत होतं. ते सांगायला कोणी नव्हतं.

वळून पाहिलं तर मुक्ता एका मोडक्या होडीच्या आडोशाला बसली होती. मी जवळ गेले. ‘आई, पाच मिनिटं,’ ती म्हणाली, आडवी झाली, डोकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि झोपली. फोन वाजला. तो मी तिच्या खिशातून काढून माझ्या पर्समध्ये तळाशी टाकला. तिच्या केसांत पांढरे किती आले आहेत ते मला माहीतच नव्हतं. झोपेतसुद्धा कपाळाला आठी. पोर दमली होती. नुसती आजची नाही, वर्षांची दमली होती, आणि ते ती मला फोनवर कधी सांगणार नव्हती. बर्मिंगहॅमला तिच्या घरी मी राहायला गेले असते तर तिथेही तिने सांगितलं नसतं. तिथे तिला माझं करावं लागलं असतं. तिथे ती कधीच अशी झोपली नसती. सावली होडीवरून सरकत पार पलीकडे गेली, माझ्या मांडीला मुंग्या आल्या, तरी मी हलले नाही.

जागी झाली ती दचकून. ‘आई! मला उठवलं का नाही?’

‘कशाला उठवू?’

ती तशीच पडून राहिली, आकाशाकडे बघत. ‘किती दिवसांनी असा झोपले मी,’ म्हणाली.

परतताना गाडीत मी सांगून टाकलं, की मी घर विकत नाही. ती चिडली. तुला काही झालं तर, जिन्यावरून पडलीस तर, आत्यासारखं... एवढं बोलून थांबली. मी म्हटलं, ‘मुक्ता, मी तुझ्याकडे येऊन राहिले तर तू झोपायला कुठे जाशील?’ पाऊस सुरू झाला होता, तिने वायपर लावला. मग एका हाताने डोळे पुसत म्हणाली, की तुझ्याकडे काम करणारी कोणीतरी बाई रोज येऊन बघून जाईल असं तरी करू या. तेवढं मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. इतकी वर्षं ती येऊन जायची तेव्हा मी डबा द्यायचे, गालाला हात लावायचे आणि झालं. लग्न झालेल्या लेकीची ओटी भरायचं माझ्या कधी मनातच आलं नाही, इथे कोण करतं ते. या वेळी दारात थांबवलं आणि म्हटलं, कोट पसर. तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस. कुंकू लावलं. तिला गंमत वाटत होती. कोटाचा घोळ दोन्ही हातांनी धरून उभी, लहानपणी फ्रॉकमध्ये शंख गोळा करायची तशी. हे काय असतं ते मी तिला सांगितलं. माहेरून निघताना मुलीची भरतात. रिकामी पाठवत नाहीत.

‘आणि तुझी कोण भरतं?’ तिने विचारलं.

‘शैलाआत्या भरायची.’

‘मग आता?’

‘आता कोणी नाही,’ मी म्हटलं. इतके दिवस मनात होतं, पण मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं. मुक्ताने तोंड उघडलं. मी भरते असं ती म्हणेल की काय, अशी मला भीती वाटली, कारण लेक आईचं माहेर होऊ शकत नाही. म्हणाली नाही. शहाणी आहे. दोन्ही हात कोटात अडकलेले म्हणून तिने कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं, आणि तशीच थोडी उभी राहिली. मग तिला निघावंच लागलं, मुलांची मॅच होती.

गाडी वळेपर्यंत मी दारात होते. मग वर तिच्या खोलीत गेले. पलंगावरची चादर काढून धुतलेली घातली, उशीचा अभ्रा बदलला, पडदा सारखा केला. पुढच्या वेळी येईल तेव्हा खोली तयार असावी. सगळं झाल्यावर, बघायला कोणी नव्हतंच, म्हणून त्या नव्या चादरीवर मीच जरा आडवी झाले. मला कुणी उठवलं नाही.